भावगीताचे पुनरागमन आणि कवीचा विसर

जुनी मराठी भावगीते पुन्हा ऐकली जाऊ लागली आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच म्हटली पाहिजे. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या ‘कारवाँ’ यंत्राने जुन्या गाण्यांना घरोघर नवे श्रोते मिळवून दिले. तालुक्याच्या गावीही आता कॅराओकेच्या साथीने जुन्या गीतांच्या संध्याकाळी रंगतात. परंतु हे पुनरुज्जीवन नेमके कशाचे, हा प्रश्न निदान मेहकरने तरी विचारावयास हवा.

कारण भावगीताच्या जन्माशी या गावाचा संबंध निकटचा आहे. कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी मेहकरलाच वकिली केली आणि तेथेच राहून कविता लिहिली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या दशकात गायिली, एचएमव्हीने तिची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती महाराष्ट्रभर गेली. मराठी भावगीताचा आरंभ येथून मोजणारे जाणकार पुष्कळ आहेत. नाट्यपदाप्रमाणे तानांची आतषबाजी तीत नव्हती. तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत कवितेचा भाव पोहोचवावयाचा होता. शब्द प्रथम आणि सूर त्याच्या सेवेला, ही या प्रकाराची अटच होती. पुढे गजानन वाटवे यांनी हीच वाट लोकप्रिय केली. (साहित्य अकादमीने ना. घं.ना गौरविले ते १९८६ मध्ये, ‘खूणगाठी’साठी, गाण्याने कीर्ती दिल्यानंतर अर्धशतकाने!)

आजच्या मैफलींत मात्र गायकाचे नाव होते, कधी संगीतकाराचे होते आणि कवी बहुधा वगळला जातो. तयार साथीवर मूळ गायकाची हुबेहूब नक्कल साधली की टाळ्या पडतात. यात स्मरणरंजन आहे. भावगीत कितपत आहे, याची शंका येते. कायदा तरी कवीला विसरलेला नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांवरील हक्क टिकतो, म्हणजे ना. घं.ची कविता २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. उलट त्या पहिल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत केव्हाच सरली. आवाज मोकळा झाला. शब्द अजून कवीचा आहे.

खरे पुनरुज्जीवन व्हावयाचे तर जुनी गाणी घोटून भागणार नाही. त्या काळी कवी हयात होता, कविता ताजी होती आणि गायकाने ती नव्याने स्वरांत बांधली होती. तो व्यवहारच आज थांबला आहे. मेहकरच्या शाळा-महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनात एक तास यासाठी राखून ठेवावा. त्यात ना. घं.ची एखादी न गायिलेली कविता आणि जिल्ह्यातील आजच्या कवीची एक कविता विद्यार्थ्यांनीच चाल लावून म्हणावी. साथीला पेटी आणि तबला पुरेसा आहे.