गटाची वही कुणाच्या पिशवीत?

बचत गटाची बैठक म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? ओसरीवर अंथरलेली सतरंजी, हजेरीची वही, जमा झालेल्या चुरगळलेल्या नोटा आणि या सगळ्यावर नजर ठेवून बसलेली सचिव. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती राहिलं हे बैठकीत वाचून दाखवलं जातं. ही सवय आपल्या बायकांना आता चांगली लागली आहे. पण गट नुसत्या बचतीवरून व्यवसायाकडे वळला, पापड-शेवया-चटण्या विकू लागला, की या वहीत न मावणाऱ्या कितीतरी गोष्टी तयार होतात. पूर्णेतला कोणता दुकानदार आठ दिवसांत पैसे देतो आणि कोणता तीन महिने फिरवतो, पाच किलो उडदाच्या पिठाला पापडखार किती घातला होता, गेल्या उन्हाळ्यात कुरडया का तुटल्या, परभणीच्या प्रदर्शनात काय खपलं आणि काय तसंच परत आणावं लागलं. हे सगळं कुठे लिहिलेलं असतं? बहुतेक ठिकाणी कुठेच नाही. ते एकीच्याच डोक्यात असतं.

गटांच्या कामानिमित्त मी ताडकळसच्या आसपासच्या गावांतून फिरते. एका गटाची सचिव मुलाकडे पुण्याला राहायला गेली. पैशांचा हिशेब चोख होता, एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. पण दिवाळीच्या ऑर्डरी कुणाकडून यायच्या, चकलीची भाजणी कोणत्या गिरणीवर दळायची, डबे कुठून घ्यायचे, हे मागे राहिलेल्या बायकांना नीट सांगता येईना. बिचारीला रोज फोन! तिनेही आठवेल तेवढं सांगितलं. तरी त्या दिवाळीला जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली ती गेलीच. यात तिचा काय दोष? ती लपवून ठेवत नव्हती, तिला कुणी लिहून ठेवायला सांगितलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतो की! असतो ना. पण मंगळवारी त्यावर आलेली चार किलो शेवयांची ऑर्डर शुक्रवारी शोधून बघा. वर सुप्रभातची फुलं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, एकादशीच्या शुभेच्छा, आणि ऑर्डर कुठेतरी तळाला. ग्रुप बोलायला चांगला, साठवायला नाही. ओट्यावरच्या गप्पा आणि ओट्याखालचे डबे यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे.

गंमत म्हणजे हीच अडचण मोठमोठ्या कंपन्यांनाही आली. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी ई-मेल होते. एकाने दहा जणांना पत्र पाठवायचं, दहा जणांनी दहा उत्तरं द्यायची आणि शेवटी खरं काय ठरलं ते कुणालाच माहीत नाही! वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणक-तज्ज्ञाने १९९५ च्या मार्चमध्ये यावर एक साधा उपाय इंटरनेटवर आणला. आपल्या व्यवसायातल्या लोकांनी कामातले अनुभव एकमेकांना द्यावेत म्हणून त्याने एक सामाईक पान तयार केलं. ते कुणीही उघडावं, कुणीही त्यात भर घालावी, चुकलेलं कुणीही दुरुस्त करावं. नाव ठेवलं ‘विकी’. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे भराभर. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना ने-आण करणाऱ्या बसला हे नाव होतं, तिथून त्याने ते उचललं. २००१ मध्ये याच पद्धतीवर विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. आपली मुलं शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती काढतात तो हाच.

कुणीही बदलू शकतो म्हटल्यावर गोंधळच होणार, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. खरी खुबी पुढेच आहे. पानावर कुणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते. चुकून किंवा खोडसाळपणाने कुणी बिघडवलं तर कालचं पान परत आणता येतं. म्हणजे लिहायची मोकळीक सगळ्यांना, पण गुपचूप खोडायची सोय कुणालाच नाही! आपल्या गटाच्या कामाचं जे आहे ते हे. नाहीतर पान फाडलेल्या वह्या आपण काय कमी पाहिल्या आहेत?

कंपन्यांनी मग कचेरीतल्या कचेरीत अशी सामाईक पानं सुरू केली. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने कर्मचाऱ्यांचं ज्ञान एका जागी यावं म्हणून ‘के-शॉप’ नावाची व्यवस्था उभारली. लोकांनी लिहावं म्हणून लिहिणाऱ्याला गुण ठेवले. झालं! गुणांसाठी लिहिणाऱ्यांचा असा पूर आला की त्यातून उपयोगाचं निवडणंच अवघड होऊन बसलं, आणि गुणांची पद्धत त्यांना बदलावी लागली. शिकले-सवरलेले इंजिनिअरसुद्धा असेच वागतात, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

मला जास्त आवडते ती झेरॉक्सच्या मेकॅनिकांची गोष्ट. झेरॉक्स हे मुळात कंपनीचं नाव, आपण त्याचं क्रियापद करून टाकलं. या कंपनीची यंत्रं दुरुस्त करणारे मेकॅनिक गावोगाव एकटे फिरायचे. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तकं दिली होती. ज्युलियन ऑर नावाचा अभ्यासक १९८० च्या दशकात त्यांच्याबरोबर हिंडला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अडलेलं काम पुस्तकाने सुटत नाही. ते सुटतं सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला. तिथे एक जण सांगतो, ‘माझ्याकडे असंच यंत्र अडलं होतं, मी अमुक केलं,’ आणि दुसऱ्याला आपलं उत्तर सापडतं. अगदी आपल्या वाळवणाच्या गच्चीसारखं! चिकाला घाई केली की कुरडई तुटते हे आपण कुठल्या पुस्तकात वाचलंय? पुढे १९९० च्या दशकात कंपनीने या गप्पांना लेखी रूप दिलं. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. मेकॅनिकाने आपली युक्ती लिहून द्यायची, जुन्या जाणत्यांनी ती तपासायची आणि मग ती सगळ्यांसाठी खुली व्हायची. युक्ती देणाऱ्याला पैसे द्यावेत का, असा विचार निघाला. मेकॅनिकांना पैशांपेक्षा हवं होतं ते युक्तीखाली आपलं नाव.

नाव! हे वाचल्यापासून मी बायकांना सांगत असते, की गटाच्या मसाल्यात कुणी धण्याचं प्रमाण बदलून चव सुधारली असेल तर तिथे तिचं नाव आणि तारीख घाला. आपल्याकडे चांगली युक्ती ‘गटाची’ होते आणि बिघडलेला घाणा मात्र एकीच्या नावावर चढतो.

ब्लॉग हा यातला दुसरा प्रकार. विकीत अनेक जण मिळून एक पान लिहितात. ब्लॉग म्हणजे एकाने तारखेवार लिहायचं आणि इतरांनी वाचून उत्तर द्यायचं. चारचौघांसाठी उघडी ठेवलेली रोजनिशीच म्हणा. २००५ मध्ये जनरल मोटर्स या मोटारींच्या बड्या कंपनीच्या उपाध्यक्षांनी असा ब्लॉग सुरू केला आणि गिऱ्हाइकांची टीकाही त्यावर येऊ दिली. आपल्या गटाला ब्लॉग लिहीत बसायला वेळ नाही हे मान्य. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर ‘आज लाल मिरची आणली, शनिवारी कांडणार’ असं लिहिणं म्हणजे काय वेगळं आहे? एखाद्या वेळी लोणच्याला बुरशी आली तर तेही तिथेच सांगावं आणि बरणी बदलून द्यावी. लपवलेलं गावात लपत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं कंपन्यांचं झालं. म्हणून लिज्जतकडे बघू. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आज सुमारे ४५ हजार बहिणी हे काम करतात. तिथे ना विकी होती ना संगणक. पण रीत बघा. पीठ शाखेत एका ठरलेल्या प्रमाणाने मळायचं, बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि मजुरी घेऊन जायचं. प्रमाण एकीच्या हाताच्या अंदाजावर सोडलेलं नाही, म्हणून हजारो पोळपाटांवरचा पापड एकाच चवीचा निघतो. हिशेब बहिणींना बघायला मोकळा. निर्णय सर्वांच्या संमतीने. बहिणींपर्यंत गोष्टी पोचाव्यात म्हणून संस्थेची स्वतःची ‘लिज्जत पत्रिका’सुद्धा आहे. यंत्र नंतर येतं, आधी येते ती माहिती सगळ्यांची असल्याची समजूत.

ती नसेल तर यंत्र काही कामाचं नाही. वारणानगरला १९९८ मध्ये ऊस उत्पादकांसाठी ७० गावांत संगणक पोचवण्याची योजना निघाली. तेव्हा तिचा केवढा गाजावाजा! पुढे २००७ च्या सुमारास काही गावांत साध्या मोबाइलचा प्रयोग झाला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, आपल्या उसाचं वजन किती भरलं ते फोनवर कळायचं. त्या खोक्यापेक्षा हातातला फोन शेतकऱ्यांना सोयीचा वाटला, कारण त्यांना हवं होतं ते एवढंच.

आज आपल्या गटांचं काय चाललंय? ‘उमेद’च्या गटांची माहिती प्रशिक्षित ताई मोबाइलवर ‘लोकओएस’ या सरकारी अ‍ॅपमध्ये भरतात. चांगलं काम आहे. पण ही माहिती गावातून वर जाते. ती वरून खाली, त्याच गटाच्या पंधराव्या बाईपर्यंत येते का? किती जणींनी आपल्या गटाचं पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय? ग्रामसंघाच्या बैठकीत ते महिन्यातून एकदा उघडून दाखवावं, एवढी मागणी करायला काय हरकत आहे?

व्यवसायाची माहिती मात्र आपली आपणच ठेवायची. फुकट मिळणारी गुगल शीट विकीसारखंच काम करते. सगळ्यांनी मिळून लिहा, जुनं रूप हवं तेव्हा परत काढा. ऑर्डर कुणाची, किती, भाव काय, माल कधी दिला, पैसे आले का, इतके रकाने पुरेत. गटातल्या कुणाच्या तरी दहावी-बारावीतल्या मुलीला अर्ध्या तासात जमेल असं ते आहे. बँकेचे नंबर, आधार, ओटीपी यांतलं काहीही त्यात घालायचं नाही. सासूबाईंच्या हातचा काळा मसाला कुणाला गुपित ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा. पण भाव आणि उधारी हे गुपित नव्हे.

यात एक धोका मला फार दिसतो आणि तो तंत्राचा नाही. पुष्कळ जणींकडे स्वतःचा फोन नसतो. ग्रुपमध्ये नंबर असतो तो नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. मग भाव तोच ठरवतो, दुकानदाराशी तोच बोलतो आणि पापड लाटणारीला कळतं ते संध्याकाळी, कळलंच तर. गट बायकांचा आणि शीट पुरुषांच्या खिशात! असं होणार असेल तर ती शीट नको. त्यापेक्षा कागदाची जाड वही घ्या. काम चालतं तिथेच ती दोरीने बांधून ठेवा, घरी नेऊ नका. पानांना आकडे घाला. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारा म्हणजे खालचं वाचता येईल, आणि शेजारी सही करा. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, दुसरीने तिच्या नावाने लिहावं आणि तिला वाचून दाखवावं. लिहिण्याची पाळी दर महिन्याला बदला. अक्षर वाईट असेल, र्‍हस्व-दीर्घ चुकेल. गिऱ्हाईक काही शुद्धलेखन तपासायला येत नाही.

परवा एका गटात पाळी बदलायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत मागे बसणारी, कधी तोंड न उघडणारी एक बाई म्हणाली, ‘मग त्या दुकानदाराकडं आपले अठराशे रुपये हायेत, ते आधी लिवा. मीच दिला व्हता त्याला माल.’ बाकीच्या एकमेकींकडे बघतच राहिल्या. ही उधारी त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. नव्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, तिच्या नावासकट ती लिहिली गेली.