हंसूं कशाचें आलें?

गिटार या गरीब वाद्यावर सध्यां आमच्या गोंदियाकडील सुशिक्षित मंडळींचा मोठा रोष झालेला दिसतो. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळीं गांवांतल्या एका सभागृहांत चार तरुणांनीं स्वतः रचलेल्या गाण्यांचा कार्यक्रम केला. दोघांच्या हातीं गिटार, एकाजवळ ढोलकी, चौथा नुसता गाणारा. चाली कांहीं मंडईंतल्या दंडारीच्या वळणाच्या (आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, दिवाळीनंतर गांवोगांव भरणारी जत्रा), कांहीं अमेरिकेंतील ज्या खेडवळ गाण्यांना तिकडे 'कंट्री' म्हणतात त्यांच्या. शब्द मात्र झाडीबोलीचे. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या पेल्याभोवतीं जो न्यायनिवाडा झाला त्याचा निकाल एकमुखी होता : गिटारीनें लोकसंगीत बाटलें. निकाल देणारांत वकील होते, प्राध्यापक होते, भातगिरण्यांचे मालक होते. आणि त्यांतील बहुतेकांना मंडईंत उभें राहून दंडार पाहिल्यास वीस वर्षें तरी होऊन गेलीं असावींत.

या निकालावर मला अपील करावयाचें आहे. त्या संध्याकाळीं एक अपराध घडला हें मलाही मान्य. पण आरोपी भलताच धरला गेला आहे.

वाद्याची गोष्ट आधीं संपवूं. आपल्या भजनांत, कीर्तनांत, नाटकांत जी पेटी आज सोंवळी होऊन बसली आहे, ती एकोणिसाव्या शतकांत पॅरिसला जन्मास आली. तिच्यावरही बहिष्कार पडलाच होता; नभोवाणीनें १९४० सालीं तिला दाराबाहेर काढलें, आणि तो मनाईहुकूम १९७१ पर्यंत टिकला. झाडींतल्या भजनी मंडळांनीं तो हुकूम ऐकलाही नसेल. त्या चार तरुणांनीं ज्या अमेरिकन गाण्यांचा मासला घेतला त्यांचें कूळ तरी कोठें शुद्ध आहे? टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवर ब्रिस्टल नांवाचें गांव आहे. तेथें १९२७ सालीं व्हिक्टर कंपनीतर्फें रॅल्फ पीअर हा गृहस्थ डोंगरांतल्या गवयांचीं गाणीं तबकड्यांवर उतरून घेण्यास येऊन बसला. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हीं नांवें त्यांतून जगापुढें आलीं. त्या संगीतांतला बँजो हा गुलाम होऊन आलेल्या आफ्रिकन लोकांच्या वाद्यांचा वंशज, आणि फिडल युरोपांतलें. शहरी लोक या गाण्यांना 'हिलबिली', म्हणजे डोंगरांतलीं रानवट, असें म्हणून पुष्कळ वर्षें नाक मुरडीत. पण तीं माणसें आपल्या उच्चारांतच गात राहिलीं. आपली विपत्ति, आपला परमेश्वर, आपली आगगाडी, आपलें मरण त्यांनीं आपल्याच तोंडानें सांगितलें.

आतां सभागृहांत खरोखर काय झालें तें सांगतों. दुसरें गाणें एका बापाचें होतें. मुलगा कामासाठीं हैदराबादेस गेला आहे. बांधींतलें धान कापणीला आलें आहे. बाप धुऱ्यावर बसून त्याला विचारतो कीं, तूं येतोस कीं मी मजूर लावूं? एवढाच विषय. मुलानें सूर धरला, आणि पहिल्याच ओळींत 'डोरा' हा शब्द आला. डोरा म्हणजे डोळा. झाडीबोलींत ळ नाहीं, ण नाहीं. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचें पानी होतें. तो शब्द त्याच्या तोंडून निघाला मात्र, आणि सबंध सभागृह हंसलें. ओळखीचा विनोदी नट रंगभूमीवर पाऊल टाकतांच, त्यानें कांहीं बोलण्यापूर्वींच, प्रेक्षक जसे हंसतात तसें तें हंसणें होतें. मीही हंसलों.

हें हंसूं आम्हीं कोठून शिकलों? झाडीपट्टीच्या रंगभूमीविषयीं मला फार आदर आहे. वडशास ठाणें देऊन असलेल्या मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतून हिंडतात. रात्रीं उशिरां उघडलेला पडदा उजाडेपर्यंत पडत नाहीं. आणि कडाक्याच्या थंडींत चादरी पांघरून माणसें जमिनीवर बसून राहतात. मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांनीं हेवा करावा असा हा आश्रय आहे. २०२३ सालीं परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हां आम्हां सर्वांचीच मान उंचावली. परंतु या नाटकांत कोण कोणत्या भाषेंत बोलतो, इकडे आपण कधीं लक्ष दिलें आहे काय? नायक पुस्तकी मराठींत प्रेम करतो, नायिका पुस्तकी मराठींत रडते, खलपुरुषसुद्धां दरडावतो तो पुस्तकी मराठींत. आणि विनोदी गडी आला कीं झाडीबोली सुरू होते. अपवाद आहेत, पण प्रघात हा आहे. वर्षानुवर्षें हें पाहून आमचे कान असे घडले आहेत कीं, आमची स्वतःची भाषा ऐकूं आली म्हणजे आतां कोणी तरी घसरून आपटणार, अशी आम्ही वाट पाहूं लागतों.

कोणी पंडित म्हणतील, संस्कृत नाटकांतला विदूषकही प्राकृतच बोले. बोले खरा. पण त्याच नाटकांत गाण्याची वेळ आली म्हणजे स्त्रीपात्रें महाराष्ट्री प्राकृताकडे वळत, हें पंडितांना मीं सांगावयास नको. आणि हालाच्या सप्तशतींत खेड्यापाड्यांतली प्रीति व विरह त्याच भाषेंत गाइलेला आहे. प्राकृत केवळ हंसविण्यापुरती राखून ठेवावी असें त्या काळच्या राजसभांनाही वाटलें नाहीं. तें आमच्या सभागृहाला वाटलें.

आणि या बोलीला रडतां येत नाहीं असें थोडेंच आहे? पावसाळ्यांत रोवणीच्या वेळीं चिखलांत ओणव्या झालेल्या बायका जें गातात त्यांत सासर आहे, माहेर आहे, दूर राहिलेला भाऊ आहे. तेथें 'डोरा' म्हटल्याबद्दल कोणी हंसत नाहीं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं आयुष्य वेंचून या बोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश सिद्ध केला. तो आपल्यापैकीं किती घरांत आहे? (माझ्या घरीं आहे, पण पाहुणे बसतात त्या खोलींतल्या कपाटांत नाहीं.)

माझी आजी मरेपर्यंत डोराच म्हणत असे. मोतीबिंदूसाठीं तिला नागपुरास नेलें तेव्हां डॉक्टरांपुढें तिनें तोंड उघडूं नये म्हणून सर्व उत्तरें माझे वडीलच देत होते. दुखणें तिचें, आणि सांगणार ते! परत येतांना ती आगगाडींत गोंदिया येईपर्यंत एक शब्दही बोलली नाहीं. आम्ही समजलों, शस्त्रक्रियेचा थकवा असेल.

मुलांना शाळेंत प्रमाण मराठी उत्तम यावी, याविषयीं माझा वाद नाहीं. हा लेखही मीं त्याच मराठींत लिहीत आहें. पण प्रेम, दुःख आणि मरण यांचा मक्ता एकाच उच्चाराला कोणीं दिला, एवढें मला कोणी तरी समजावून सांगावें.

त्या मुलानें बापाचें गाणें शेवटपर्यंत म्हटलें. कडव्यागणिक हंसूं कमी होत गेलें हेंही नमूद केलें पाहिजे. शेवटच्या कडव्याला पुढच्या रांगेंतील एका बाईंनीं पदर डोळ्यांना लावला. पण तें त्याच्या नजरेस पडलें नसावें. पत्रिकेवर छापलेलीं झाडीबोलींतलीं पुढचीं तीन गाणीं त्या चौघांनीं गाळलीं, आणि त्यांच्या जागीं हिंदी चित्रपटांतलीं म्हटलीं. सभागृहानें टाळ्यांचा ठेका धरला. गिटार तेव्हांही वाजतच होती. तिला त्या वेळीं कोणीं दोष दिला नाहीं.