तीन विभाग आणि एक चूल

आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत यंदा तीन अहवाल वाचले गेले. शिष्यत्व विभागाने सांगितले की बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम 19 जणांनी पुरा केला. सुवार्ता विभागाने गावे किती झाली, पत्रिका किती वाटल्या आणि सभेत हात किती जणांनी वर केले, याचा हिशेब दिला. कुटुंब विभागाने ‘कुटुंब महिना’ कसा पार पडला ते सांगितले : चार व्याख्याने, दोन शिबिरे, एक जोडप्यांची सहल. टाळ्या झाल्या.

कुटुंब विभागाचे चिटणीस अहवाल वाचत होते, तेव्हा त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी बाहेर व्हरांड्यात उभ्या केलेल्या स्कूटरवर बसून, दारावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात गृहपाठ करत होती. मी पाणी प्यायला बाहेर आलो, तर म्हणाली, “काका, अजून किती वेळ?” मी म्हणालो, “झालंच.” ती म्हणाली, “काल पण झालंच होतं.”

हा लेख त्या चिटणीसांवर नाही. भले गृहस्थ आहेत. बँकेतून सुटले की थेट मंडळीत येतात. माझे भांडण त्या रचनेशी आहे, जिच्यात शिष्यत्वाची एक फाइल, सुवार्तेची दुसरी आणि कुटुंबाची तिसरी असते, आणि तिन्ही फायली सांभाळता सांभाळता घरी जायचे राहून जाते. ख्रिस्ती श्रद्धा जगायची तर या तीन गोष्टींची वाटणी करता येत नाही. शिष्य घडतो घरात, आणि त्या घराचे दार उघडे राहिले की सुवार्ता बाहेर पडते. हे मला मांडायचे आहे. पण आधी समोरच्यांचे ऐकून घेऊ.

पहिला आक्षेप असा, की काम वाटून घेतल्याशिवाय होत नाही आणि अभ्यासक्रमाशिवाय शिकवण पक्की होत नाही. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. आमच्या पिढीत बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर असते आणि नाताळात साफसफाईला खाली येते. कुणी ते हातात धरायला लावत असेल, तर त्याचे आभारच मानले पाहिजेत. पण मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात येशू शिष्यांना जी आज्ञा देतो, तिच्या मूळ ग्रीक वाक्यात मुख्य क्रियापद एकच आहे : शिष्य करा. जाणे, बाप्तिस्मा देणे, शिकवणे ही तिन्ही पदे त्या एका क्रियापदाला जोडलेली धातुसाधिते आहेत. आणि शिकवायचे काय, तर आज्ञा पाळायला. आज्ञा पाठ झाल्या की नाही, हे वही तपासून कळते. पाळल्या की नाही, हे मात्र त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहणाऱ्यालाच कळते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही शिकवण्याच्या वेळा ठरवून दिल्या आहेत : घरी बसले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. शनिवारी दुपारी चार ते सहा असे तिथे म्हटलेले नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत असे. तिला वाचता येत नव्हते. संध्याकाळी भाकरी झाल्या की घरप्रार्थना, आणि मग जेवण, असा क्रम. पण त्या दिवशी शेजारणीशी तिचे काही वाजले असेल, तर ती प्रार्थना सुरूच करत नसे. पदर खोचून कुंपणापलीकडे जायची. तिथे आधी आवाज चढलेले ऐकू यायचे, मग शांतता, मग कधी रडणे, मग बशी-कपाचा आवाज. आम्ही पोरे भुकेने कळवळत चुलीपाशी बसलेलो. ती परत यायची, हात धुवायची आणि म्हणायची, “हं, आता मिटा डोळे.” वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन आजीने मला कधी समजावून सांगितले नाही. गार भाकऱ्या मात्र मी पुष्कळ खाल्ल्या.

दुसरा आक्षेप आकड्यांविषयी. आमचे सुवार्तिक मित्र म्हणतात, “आकडे नकोत ही आळशांची सबब आहे. प्रेषितांची कृत्ये उघडून बघा, पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे मिळाली असे लूकच लिहितो.” खरे आहे, लूक मोजतो. पण तो घडून गेल्यावर मोजतो, आणि भर घालण्याचे श्रेय प्रभूला देतो. आमच्याकडे आकडा आधी ठरतो, मग त्याच्यामागे माणसे शोधत जीप निघते. हात वर करणाऱ्याचे नाव ‘निर्णय’ म्हणून लिहून घेतले जाते. पुढच्या पावसाळ्यात त्याचे छप्पर गळते का, हे विचारायला कुणी फिरकत नाही, कारण त्या प्रश्नाला अहवालात रकाना नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला याचे उत्तर परदेशात शोधायला नको. 1907 साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांनी आपल्या कवितेने सर्वांना थक्क केले. पुढे ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. आपण ज्यांना बालकवी म्हणतो, ते हेच. त्यांच्या लहरी, त्यांचे रुसवे, त्यांचे पोरपण टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सख्ख्या मुलाचे सांगावे तसे सांगितले आहे. 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. ते ख्रिस्ती झाले नव्हते. आजच्या सुवार्ता विभागाच्या हिशेबात टिळकांच्या घरचा हा सगळा खर्च बुडीत खात्यात जाईल. मला विचाराल, तर मराठी मुलखातल्या सुवार्तेच्या इतिहासातले ते एक सोन्याचे पान आहे. एका ब्राह्मण पोराला एका ‘बाटलेल्या’ घरात पोटभर जेवण मिळाले, रागवायला आई मिळाली आणि कविता वाचून दाखवायला कवी मिळाला. बदल्यात त्याच्याकडे काहीही मागितले गेले नाही.

याच टिळकांनी 1917 साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात बसू शकत. पुष्कळ पाळकांना ते रुचले नाही. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण शिष्यत्वाची मोजणी नोंदवहीतून होत नाही, हे आपल्यातलाच एक माणूस शंभर वर्षांपूर्वी ओळखून होता.

तिसरा आक्षेप मंडळीच्या बाहेरून येतो आणि तो जुना आहे : तुमची सेवा म्हणजे आमिष, भाकरी दाखवून माणूस बाटवता. याला ‘खोटा प्रचार’ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. तिथे ब्राह्मण विधवा मुली शिकायला येत. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत; सदनातल्या मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. वादळ उठले. 1893 साली रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळातली मोठी माणसेही बाजूला झाली. टीकाकारांच्या रागात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. धार्मिक तटस्थतेचा शब्द घेऊन पालकांनी मुली पाठवल्या होत्या, आणि विश्वासाचा प्रश्न खराच होता. पण मग रमाबाईंनी करायला काय हवे होते? दार लावून प्रार्थना करायची? स्वतःच्या घरात आपली श्रद्धा लपवून, बाहेर सेवा करायची? आमिष ही लपवून टाकायची वस्तू असते. गळाला लावलेला गांडूळ काटा झाकतो. उघड्या दाराने काहीच झाकलेले नसते. पुढे दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणून जगवल्या. त्यांना त्या कुठल्या व्यासपीठावर ‘निर्णय’ म्हणून उभ्या करायच्या नव्हत्या. तिथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले मराठी बायबल त्याच छापखान्यात छापले गेले.

म्हणून आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर असे : जिथे भाकरीला अट आहे, तिथे तुमचा आक्षेप खरा, आणि मी तुमच्या बाजूला उभा आहे. संविधानाच्या 25व्या कलमाने धर्मप्रसाराचा अधिकार दिला, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना तो निकाल अजून बोचतो. मला त्यात एक आठवण दिसते. माणसाचे मन पालटणे हे आपल्या धर्मशास्त्राप्रमाणेही पवित्र आत्म्याचे काम आहे, कुठल्या विभागाचे नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जड, आणि तो भाविकांकडून येतो : घराचे एवढे स्तोम कशाला? आईबाप, बायकामुले यांच्याहून मला अधिक मानत नाही तो माझा शिष्य नव्हे, असे प्रभूच लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. आणि तुमचे टिळक तरी घर मोडूनच ख्रिस्ती झाले ना?

प्रभूने तिथे प्रेमाचा क्रम सांगितला आहे, जबाबदारीतून सूट दिलेली नाही. याचा पुरावा मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. काही धार्मिक लोक आईबापांना द्यायची मदत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून हात झटकत. त्यांच्यावर येशू जेवढा संतापला तेवढा तो जकातदारांवरही संतापलेला दिसत नाही. देवाच्या नावाने घर चुकवणाऱ्याला त्याने ढोंगी म्हटले. आणि स्वतः क्रुसावर, शेवटच्या घटकेला, त्याने आपल्या आईची सोय शिष्याच्या घरी लावली. चिटणीसांच्या मुलीचा वेळ आपण ‘कुर्बान’ म्हणून घेतो आहोत का, हे आपण आपल्यालाच विचारायला हवे.

आणि टिळक! 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. लहान मुलगा पदरात घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे नगरला आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. जातिभेद देवाने केला नाही, माणसाने केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले. ती गाठ आधी सुटली आणि मग 1900 साली बाप्तिस्मा झाला. त्या पाच वर्षांत त्यांना कुणी अभ्यासक्रम लावला नव्हता. टिळक कवी मोठे, भक्त मोठे. संसारी माणूस म्हणून त्यांना आदर्श मानावे असे ‘स्मृतिचित्रे’ वाचून कुणी म्हणणार नाही. हातातले पैसे वाटून मोकळे होणाऱ्या नवऱ्याच्या घरात चूल कशी पेटत होती, ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवले आहे. आणि शेवटी पाहा : 1934 ते 1936 या काळात भागाभागाने निघालेले त्यांचे ते पुस्तक आजही अशा घरांत वाचले जाते, जिथे ख्रिस्ती प्रवचनाला उंबरा ओलांडता येत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’सुद्धा त्यांनीच पुरे केले. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने हे केले.

आता माझी बाजू. मंडळीने अभ्यासक्रम बंद करावा असे मी म्हणत नाही. तो हॉलमधून उचलून घरात न्यावा, इतकेच. नवख्या विश्वासणाऱ्याला एखाद्या जुन्या कुटुंबाशी जोडून द्यावे. त्याने त्या घरची भांडणे बघावीत, ती मिटलेली बघावीत, महिनाअखेरची ओढाताण बघावी आणि तरीही दशांश कसा बाजूला पडतो ते बघावे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारे जोडपे. अपुल्लोसासारख्या विद्वानाची चूक त्यांनी सभेत दाखवली नाही. त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावले. तीमथ्याचा विश्वास पौलाला आधी त्याच्या आजीत आणि आईत दिसला होता. मंडळीचा पुढारी निवडताना पौलाने घर चालवण्याची कसोटी लावली. आपण ती कागदावर ठेवली आणि निवडताना वक्तृत्व बघितले.

सुवार्तेच्या अहवालातून ‘किती निर्णय’ हा रकाना काढावा आणि तिथे लिहावे : या वर्षी आपल्या ताटात आपल्या जातीबाहेरचे, धर्माबाहेरचे किती जण जेवले? जातीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. एकाच प्रभूच्या मेजावरून भाकर घेणाऱ्या आपल्या माणसांत सोयरीक जुळवताना अजून मूळ जात विचारली जाते. ती विचारणाऱ्याने शेजाऱ्याला समतेची पत्रिका वाटू नये.

आणि तिसरे, अगदी साधे : बुधवारी संध्याकाळी मंडळीचे फाटक बंद ठेवावे. सभा नाही, तालीम नाही, समिती नाही. प्रत्येकाने घरी जेवावे आणि एक जादा ताट वाढावे.

हा तिसरा ठराव मी त्याच वार्षिक सभेत मांडला. वीस मिनिटे चर्चा झाली. कुणी म्हणाले, कल्पना छान आहे. कुणी म्हणाले, तरुण संघाची तालीम बुधवारीच असते. शेवटी इतिवृत्तात नोंद झाली : ‘विषय कुटुंब विभागाकडे सोपवण्यात आला. विभागाची बैठक येत्या बुधवारी, सायंकाळी सात वाजता.’

त्या बैठकीला मी जाणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर नोकरीसाठी आलेली दोन मुले राहतात, मेसचा डबा खातात. त्यांना त्या दिवशी जेवायला बोलावले आहे. चिटणीसांनाही बोलावले आहे, सहकुटुंब. ते म्हणाले, बैठक संपली की येतो. त्यांची मुलगी मात्र आईबरोबर सातलाच येणार आहे.