पाहुण्याने किती पाहावे?

आमच्या वर्गाची सहल यंदा हिवाळ्यात कच्छच्या आखाताकाठी नरारा येथे गेली होती. सहलवर्णन लिहिण्याचा आमचा हेतू नाही. गाडीतील गाणी, जामनगरच्या सुक्या कचोऱ्या आणि चिखलात रुतून बसलेले बूट यांविषयी इतरांनी अवश्य लिहावे. आम्हास सांगावयाचे आहे ते एका माशाविषयी.

नरारा ज्या सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडते, ते भारतातील अशा प्रकारचे पहिले उद्यान होय. १९८० साली येथे अभयारण्य झाले आणि १९८२ साली त्यातील काही भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अन्यत्र प्रवाळ पाहावयाचे तर बहुधा पाण्यात बुडी मारावी लागते. येथे मात्र ओहोटीच्या वेळी समुद्र इतका दूर सरतो की प्रवाळांची भूमी उघडी पडते आणि पोहता न येणारा मनुष्यही तिच्यावरून चालत जाऊ शकतो. हे या स्थानाचे भाग्य खरे. पण आमच्या मते तेच त्याचे दुर्दैवही आहे.

आम्हा बडोदेकरांना हा किनारा अगदीच परका नाही. याच आखाताच्या मुखाशी असलेले ओखामंडळ पूर्वी गायकवाडांच्या राज्यात होते. तेथील सागरी जीवांची पाहणी बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करविली आणि तिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. ही हकीकत सरांनी आम्हास गाडीतच सांगितली होती. त्यामुळे किनाऱ्यावर उतरताना आमच्या मनात पाहुण्याचा संकोच नव्हता, काहीशी मालकीचीच भावना होती!

पहिल्या अर्ध्या तासात वाटाड्याने एका डबक्यातून केंड मासा उचलला. पाहता पाहता तो चेंडूसारखा फुगला. आम्ही टाळ्या वाजविल्या. मग तो हातोहात फिरला आणि प्रत्येकाने त्याच्यासह आपले छायाचित्र काढून घेतले. शेवटी त्याला पाण्यात सोडले, तेव्हा तो पोट वर करून तरंगू लागला. तो सावरतो की नाही हे पाहण्यास आम्ही थांबलो नाही, कारण पुढे अष्टपाद सापडल्याची हाक आली होती.

परत आल्यावर जीवशास्त्राच्या बाईंनी त्या फुगण्याचा अर्थ सांगितला. शत्रूला आपणास गिळता येऊ नये म्हणून केंड पाणी पिऊन फुगतो. पाण्याबाहेर काढल्यास तो हवा गिळतो, आणि ती हवा बाहेर टाकणे त्याला फार जड जाते. ज्याला आम्ही त्याचा खेळ समजलो, ते त्याचे भय होते. वाटाड्यास आम्ही दोष देत नाही. पाहुणे मागतात म्हणून तो दाखवितो, आणि आम्ही तर ‘आणखी एक, आणखी एक’ म्हणून मागत होतो.

प्रवाळांची गोष्टही निराळी नाही. प्रवाळ दगडासारखा दिसतो. वस्तुतः ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. गोळ्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. २००१ सालापासून प्रवाळांना कायद्याने वाघाच्या पंक्तीस बसविले आहे. तेथे मेंदूसारख्या वळ्यांचा, कलिंगडाएवढा एक गोळा होता. आमच्यापैकी कोणाहीपेक्षा तो वयाने वडील असला पाहिजे. आमच्यातील एकाने त्याच्यावर पाय टेकवून बुटाची नाडी बांधली.

यावर कोणी म्हणेल, वाडीनारला मोठमोठ्या जहाजांतून खनिज तेल उतरते. उद्यानाच्या हद्दीतून तेलाचे नळ नेण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००४ साली नळांच्या बाजूने निकाल लागला. पूर्वी तर सिमेंटसाठी प्रवाळांची वाळू उपसली जाई. तेथे मुलांच्या बुटांचा हिशेब तो काय? हा युक्तिवाद आमच्यातही झाला, आणि तो आम्हास आळशीपणाचा वाटला. तेलाचा नळ कोठून जावा हे आम्हास कोणी विचारणार नाही. पाय कोठे ठेवावा, हे मात्र सर्वस्वी आमच्या हाती होते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. हाताळल्यावाचून मुलांना गोडी लागत नाही, असे आमचे एक शिक्षकच म्हणाले. त्यात तथ्य असेल. परंतु अष्टपादाने रंग पालटला तो आम्ही पाहिला, तेव्हा तो खडकाच्या फटीत होता आणि त्याला अद्याप कोणाचा हात लागला नव्हता. करड्याचा तांबूस होताना तो आम्हास अजून डोळ्यांपुढे दिसतो. नंतर हातात घेतलेल्या अष्टपादाविषयी विचाराल, तर तो बुळबुळीत होता एवढेच आठवते.

म्हणून पुढील वर्षीच्या सहलीसाठी आम्ही मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. एका वेळी वीसांहून अधिक मुले नेऊ नयेत. मळलेल्या वाटेनेच जावे. आणि वाटाड्यास त्याचा पूर्ण मोबदला आधी देऊन, काहीही उचलून दाखवू नका असे निघण्यापूर्वीच सांगावे. चव्वेचाळीस जणांच्या तुकडीपैकी एकतीस जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत. उरलेल्यांपैकी काहींचे म्हणणे असे, की मासा हातात घेण्याची मौज आपण लुटली, ती पुढच्या वर्गास का नाकारावी? त्यांच्याशी आमचा वाद हा मजकूर छापावयास देईपर्यंत चालूच आहे.