लोहाच्या गोळीसोबत बी-१२ही द्या

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई



शाळेतल्या तपासणीत एखाद्या मुलाचे वजन जास्त भरले की पालकांना दोन ठरलेले सल्ले मिळतात: वेफर्स-बिस्किटे बंद करा आणि मुलाला मैदानावर पाठवा. सल्ले रास्त आहेत. पण त्यांतून सगळा ठपका मुलाच्या खाण्यावर आणि आईच्या लाडांवर येतो. चरबी साठवण्याचा कल त्या शरीरात मुळात आला कुठून, हे कुणी विचारत नाही. या प्रश्नावरचे मोलाचे काम याच राज्यात, पुण्याजवळच्या सहा गावांत झालेले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली तिथल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. ही बाळे सर्वच मापांत लहान होती, स्नायूही कमी. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. साठ टक्क्यांहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता जवळजवळ कुणालाच नव्हती. पुढे सहा वर्षांच्या वयात, ज्या मुलांच्या आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या शरीरात इन्सुलिनला सर्वाधिक विरोध आढळला. फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत चरबीही अधिक होती. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

इथे जनुकांच्या कामाचा संबंध येतो. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात, पण कुठले किती जोराने काम करील हे पंख्याच्या रेग्युलेटरसारखे कमी-जास्त होते. डीएनएवर बसणारे मिथाइल गट हा त्यातला एक नियंत्रक. ते गट तयार होण्याच्या साखळीत फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात.

गर्भातल्या पोषणाच्या खुणा किती टिकतात, याचा पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-२ या जनुकावर सहा दशकांनंतरही मिथाइल गट कमी आढळले. २०११ साली साउदॅम्प्टनच्या संशोधकांना जन्मावेळच्या नाळेतल्या आरएक्सआरए जनुकावरच्या अशाच खुणांचा आणि नवव्या वर्षीच्या चरबीचा संबंध दिसला.

क्वचित जनुकच बंद पडलेले असते. १९९७ साली केंब्रिजमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचे वजन ८६ किलो होते. भूक शमल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन तिच्या शरीरात तयारच होत नव्हते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. तोवर तिला ‘कमी खा’ असे सांगून काय साधणार होते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचे देशातले प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले आहे. दुसरीकडे, उद्याच्या आया होणाऱ्या किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड (फोलेटचेच कृत्रिम रूप) असते, बी-१२ नसते. बी-१२ येते दूध, अंडी, मासे, मटणातून. भाजी-भाकरीत ते नाही. पोषणयुक्त तांदळात ते मिसळले जाते, पण तो ज्या घरी पोहोचत नाही तिथल्या मुलींचे काय?

बी-१२ दिले की लठ्ठपणा टळेल, असा दावा कुणी करू नये. फॉलिक ॲसिडही थांबवायचे नाही. ते बाळाच्या मज्जारज्जूचे रक्षण करते. मागणी समतोलाची आहे. मुलींच्या साप्ताहिक गोळीसोबत बी-१२ देण्याचा प्रयोग विभागाने एका जिल्ह्यात करावा, त्यांच्या रक्तातले प्रमाण आधी आणि नंतर मोजावे आणि निष्कर्ष केंद्राच्या आरोग्य मंत्रालयापुढे ठेवावेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनाही दोन सूचना द्याव्यात. पाच वर्षांच्या आत वजन झपाट्याने वाढलेले आणि सतत भुकेने रडणारे मूल दिसले, तर त्याला जनुकीय तपासणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे. आणि पालकांना आहाराचा सल्ला देताना, मुलासमोर त्याला खादाड म्हणू नये.