आईसंगं लेकरूही राहिलं पाहिजे



बाप्या प्याला तर आपण म्हणतो, 'पितो जरा.' बाई प्याली तर म्हणतो, 'वाया गेली.' या एका शब्दानं आपण किती बायांना घरात कोंडलं, याचा हिशोब आता करायला पाहिजे.

आमच्या जवळच्या वाडीतली एक बाई. मजुरीला बाहेर गेली, तिथं अंगदुखीवर उतारा म्हणून संध्याकाळची गावठी लागली. गावी आली तरी सुटंना. एक दिवस स्वतःहून म्हणाली, 'मला सोडायचीय.' आम्ही तिला घेऊन एका केंद्रावर गेलो. तिथं सांगितलं, इथं फक्त पुरुष ठेवतो. दुसरीकडं म्हणाले, बाईला ठेवू, पण लेकरू आणायचं नाही. दोन वर्षांचं अंगावर पिणारं लेकरू ती कुणाकडं टाकणार? ती परत आली. आठ दिवसांत पुन्हा पिऊ लागली.

चूक तिची का व्यवस्थेची?

घरी कोंडून दारू सुटत नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर हातपाय कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिले दिवस डॉक्टरच्या नजरेखाली काढावे लागतात, आणि पुढं काही आठवडे आधार लागतो. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. बायांसाठी त्यांचा 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. पण अकोल्याच्या डोंगरातून पुणं गाठायचं म्हणजे मजुरी बुडते, आणि लेकराचा प्रश्न तिथंच राहतो.

लांबची एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींना १८३८ साली सरकारनं त्यांच्या जमिनीवरून हाकललं. वाटेत हजारो मेले. त्यांच्याच गावांत पुढं नशेच्या गोळ्यांचा पूर आला. २०१७ साली त्यांनी गोळ्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर दावा लावला आणि २०२१ मध्ये साडेसात कोटी डॉलर भरपाई कबूल करून घेतली. त्यातून आपल्या माणसांच्या उपचाराचं काम त्यांनी हाती घेतलं. त्यांनी दोष पिणाऱ्यावर नाही, विकणाऱ्यावर टाकला.

आपल्याकडंही हत्यार आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं दारूवर बंदी घालायचा, विक्रीवर बंधन आणायचा अधिकार गावाला दिलाय. पेसाच्या गावांना मिळणाऱ्या पाच टक्के निधीतून आरोग्यावर खर्च करता येतो. जंगलाच्या दाव्यासाठी जसं ठराव करून बसलो, तसंच इथंही बसायचं.

येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्या:

१. गावातले हातभट्टीचे अड्डे बंद.
२. राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडं मागणी: तालुक्यात सरकारी दवाखान्याला जोडून बायांसाठी राहण्याचं व्यसनमुक्ती केंद्र हवं, जिथं आईसंगं लेकरू राहील, त्याला अंगणवाडी आणि जेवण मिळेल.
३. केंद्र होईपर्यंत जाणाऱ्या बाईचा प्रवासखर्च पाच टक्के निधीतून.
४. बाई परत आल्यावर तिला नावं ठेवायची नाहीत. तिच्या शेताची लावणी, कापणी गाव मिळून करेल.

चौथ्या ठरावाला पैसा लागत नाही. तो आजच करता येतो.

जमीन आपली म्हणून लढतो, तर तिच्यावर राबणारी बाईही आपलीच. तिला वाऱ्यावर सोडून जमीन राखता येणार नाही.

जय राघोजी!