बदलून टाका, म्हणे!

‘बदलून टाका!’ हा हल्ली आपल्याकडे गुरुमंत्र झाला आहे. पंखा किरकिरतो? बदलून टाका. मिक्सर थबकतो? बदलून टाका. चष्म्याची काडी सैल झाली? अहो, फ्रेमच बदलून टाका! ज्याच्या वडिलांनी एकाच छत्रीला तीनदा काड्या घालून चौदा पावसाळे काढले, तो मुलगा आज दुकानाच्या गल्ल्यापाशी मान डोलावत उभा असतो. मीही तसा उभा राहिलो आहे, आणि म्हणूनच चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

मी तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकचे. तेव्हा संगणकातले मला काय कळणार, असे कुणी म्हणेल, तर ते मला मान्य आहे. मला कळत नव्हतेच. पण ज्यांना कळते असे मी समजत होतो, त्यांना तरी कुठे कळत होते?

माझा संगणक सात वर्षांचा. गेल्या वैशाखात तो जरा मंद वाटू लागला. दुकानदार म्हणाला, “मास्तर, मेंदू म्हातारा झालाय. प्रोसेसर बदलून टाका.” नऊ हजार रुपये मोजले. नवा प्रोसेसर बसला. आणि वाचकहो, त्याच रात्रीपासून संगणक अडखळू लागला! मंद चालणे निराळे आणि अडखळणे निराळे. दोन पाने झरझर लिहून व्हायची, मग एकाएकी पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळायचा. मी टंकलेली अक्षरे काही क्षण गायब व्हायची आणि मग लग्नघरच्या पंगतीला लोक धावावेत तशी एकदम येऊन आदळायची. गाणे लावावे तर गायिकेला उचकी लागल्यासारखे व्हायचे.

पुन्हा दुकान गाठले. यंत्राच्या पेटीला हातसुद्धा न लावता निकाल मिळाला : “नवा माल एक नंबर आहे, मास्तर. जुन्याला तो झेपत नाही. आता बोर्ड बदलून टाका. रॅमही बदला. आणि एवढे करताय, तर पेटी तरी जुनी कशाला ठेवता?” या न्यायाने पाहता, जावई नवा आला म्हणून सासूसासरेही नवे आणायचे!

मी घरी येऊन हिशेब मांडू लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, तो नेमका कधी अडखळतो, ते तरी आधी बघा की! ताप आला तर डॉक्टरसुद्धा आधी थर्मामीटर लावतात.”

त्या रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती सध्या तंत्रनिकेतनात शिकते. तिने मला प्रथम प्रश्न विचारले. “सर, सुरू केल्याबरोबर अडखळतो, की काही वेळाने? लिहिताना, की गाणे लावल्यावर? ठरावीक अंतराने, की केव्हाही?” मला एकाचेही धड उत्तर देता येईना. मग तिने टास्क मॅनेजर उघडला, उष्णता मोजणारा एक फुकटचा प्रोग्रॅम घेतला आणि आम्ही दोघे वही घेऊन बसलो. पाच-सात मिनिटांत प्रोसेसरचे तापमान ९८ अंशांवर गेले आणि त्याच क्षणी त्याचा वेग निम्म्याहून खाली आला. थोडा थंड झाला की पुन्हा धावे, पुन्हा तापे, पुन्हा दम टाकी. प्रोसेसर जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग उतरवतो. ती त्याची शहाणीव आहे, दुखणे नव्हे. दुखणे निराळेच होते. पेटी उघडली, तेव्हा त्याच्यावरच्या पंख्याच्या चार पायांपैकी एक पाय खाचेत बसलेलाच नव्हता!

तिने जुना लेप पुसला, वाटाण्याएवढा नवा लेप लावला आणि पंखा चारही पायांवर बसवला. तापमान ६८ अंशांवर थांबले. “आता एवढेच करून पाहू, सर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.” अडखळणे बरेच थांबले, पण सगळे नव्हे. मग रॅम पाहिली. दोन पट्ट्या एक खाच सोडून बसवायच्या, त्या शेजारी-शेजारी खोचल्या होत्या. म्हणजे दोन रस्ते असताना सारी रहदारी एकाच गल्लीतून! शिवाय नवा प्रोसेसर बोर्डाला ओळखता यावा म्हणून दुकानात बायॉस नवे केले होते, त्यात पूर्वीच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि ३२०० च्या वेगाची रॅम २१३३ वर रखडत होती. दोन्ही गोष्टी सुधारल्या. खर्च? लेपाच्या नळीचे दीडशे रुपये, आणि पोरीला खाऊ घातलेले थालीपीठ.

कुणी म्हणेल, ही एका मास्तराची एका दुकानाशी झालेली कटकट आहे; तिच्यावर एवढा गहजब कशाला? तसे नाही. मार्च २०२२ मध्ये एएमडी या नामांकित कंपनीने स्वतः जाहीर केले की, तिच्या काही रायझन यंत्रांत अधूनमधून अडखळणे होते. सुरक्षेची नोंद सांभाळणारी एफटीपीएम नावाची व्यवस्था बोर्डावरच्या स्मृतिचिपेशी लांबलेली देवघेव करते, हे त्याचे कारण. त्यावरचा मुख्य उपाय कोणता? नवे बायॉस. नवा प्रोसेसर नव्हे, नवा बोर्ड नव्हे! ज्यांनी त्याआधी रागाच्या भरात निरोगी सुटे भाग बदलले असतील, त्यांनी कुणाचे दुखणे कुणाच्या माथी मारले?

आता खरा मुद्दा. आमच्या शाळेत १२ संगणक आहेत. तेही अडखळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला, हे निमित्त झाले आणि ‘सगळे भंगारात द्या, नवे घ्या’ असा ठराव पुढे आला. गावाने वाचनालयासाठी घराघरांतून जमवलेले सव्वातीन लाख रुपये त्यात जाणार. मी त्याच मुलीला घेऊन एक संगणक तपासला. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी तबकडी मात्र शंभर टक्के कामात गुंतलेली! तिच्या जागी तबकडी नसलेली एसएसडी घातली आणि लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली. यंत्र चालू लागले. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे अशा मुक्त प्रणालीवर शिकवीत आहेत. तिथली मुले काही अडाणी राहिलेली नाहीत.

‘जुने ते सोने’ म्हणणारा मी नव्हे. बोर्ड जळला असेल, कामच यंत्राच्या कुवतीबाहेरचे असेल, तर नवे अवश्य घ्यावे. माझे भांडण नव्याशी नाही. न तपासता दिलेल्या निकालाशी आहे. वर्गात मूल अडखळले की ‘याचे डोकेच चालत नाही’ म्हणणारा मास्तर आणि हा दुकानदार यांच्यात फरक तो काय? त्या मुलाला कदाचित फळा दिसत नसेल! असे निकाल मीही दिले आहेत, आणि त्यांची आठवण मला सुखाची नाही.

आणि भंगार म्हणजे कुठे जाते हो ते? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार एकट्या २०२२ साली जगाने ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा केला. त्यातला शेकडा २२ च्या आसपासच रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला. आपण घरातून काढतो, पण पृथ्वीवरून काढीत नाही.

तेव्हा मंडळी, फराळ झाल्यावर घरातले एखादे कुरकुरते यंत्र जवळ घ्या. ते कधी कुरकुरते ते वहीत लिहा. धूळ पुसा, पाय नीट बसलाय का पाहा, एका वेळी एकच गोष्ट बदला. तेवढ्यानेही भागले नाही, तर खुशाल बाजारात जा. निदान काय आणायचे ते तरी कळलेले असेल.

शाळा-समितीची सभा भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे. ठरावाला विरोध करणारा मी बहुधा एकटाच असेन. मी जाताना भाषणाचा कागद नेणार नाही; ती वही आणि एक स्क्रू-ड्रायव्हर नेणार आहे.